समोरची गाठ

आकडा अडला. झालं ते एवढंच. गाडीच्या कापडी टपाची लांब शिवण मागच्या टोकापासून उसवत ती समोरच्या काचेकडच्या कडेला आली होती. धागा ऊन खाऊन खाऊन कुजला होता, उसवायच्या आकड्याच्या एका ओढीला चारपाच टाके निमूट सुटत होते, जसं काही ते कुणीतरी यायचीच वाट बघत होते. आणि पट्टीच्या दुमडीत, जिथे काही असायचं कारण नव्हतं तिथे, आकडा अडला. तिने जोर लावला. हलेना. दुमड बोटांनी उलगडून पाहिली तर आत गाठ. दोन वेढे सरळ, तिसरा उलटा, आणि टोक गाठीच्याच पोटात लपवलेलं. वर मेण होतं अजून. खरवडलं तर नखाखाली पिवळट रेघ आली. जुन्या ग्रुप फोटोत अनोळखी माणसं न्याहाळताना एकदम मागच्या रांगेत आपलाच चेहरा दिसावा, तसं झालं तिला. तिच्या आधी तिच्या डाव्या हाताला कळलं. तो आकडा टेबलावर ठेवून नुसता गाठीवर जाऊन बसला, खोडकर पोर आईच्या कुशीत जाऊन बसतं तसा, आणि मग कुठे तिच्या मनाने सावकाश विचारलं: ही गाठ इथे कशी?

कारण ही गाठ इथे असणं शक्यच नव्हतं. ही गाठ सुटली होती. सुटली म्हणूनच तर पुढचं सगळं झालं होतं.

दुकान तेच होतं. पुढच्या बाजूला काउंटर आणि बाबांची खुर्ची, मागे लांबलचक कटिंगचं टेबल, भिंतीशी जाड कापड शिवायचं मशीन, आणि मधल्या मोकळ्या जागेत टप काढलेली गाडी, केस कापायला बसलेल्या माणसासारखी ओशाळी. नुसत्या कमानी वर दिसत होत्या. चालकाच्या सीटवर चिमणी बसली होती, म्हणजे तिची लेक. बालवाडीला सुट्टी, घरी ठेवायचं कुणाजवळ, म्हणून आणलेली. गाडी चालवून चालवून कंटाळल्यावर तिने खडू मागून घेतला होता आणि पुठ्ठ्यावर काहीतरी काढत होती. गाडी दादाने घेतली होती कामाला. पण बल्ब बदलताना दादा स्टुलावरून पडला आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. बाबांचा फोन आला तेव्हा ती घरी कुणाच्या तरी सोफ्याचं कव्हर शिवत होती. "नुसता उसवून ठेव गं तेवढा," बाबा म्हणाले होते. "प्लास्टर निघालं की शिवायचं तो शिवेल." नुसता. हा 'नुसता' तिच्या अंगावर इतका जुना झाला होता की तो टोचेनासा झाला होता. नुसती कुशनं, नुसती सीटकव्हरं, नुसतं उसवणं. तिने हो म्हटलं. दुकानात मुलीला घेऊन बसायला मिळतंय, बाबांचा चहा होतोय, तेवढंच माहेरपण.

ती उभी राहिली, उसवलेली पट्टी दोन्ही हातांत धरून दाराच्या उजेडात गेली. या कापडाला आतून रबराचं अस्तर असतं. एकदा सुई गेली की भोक राहतं. सुती कापडासारखं ते ओलं करून, इस्त्री करून भरून येत नाही. लहानपणी ती उगाच सुई टोचून बघायला लागली की बाबा हातावर चापट मारायचे: "हे कापड माफ करत नाही, पोरी. आधी विचार कर, मग टोच." तिने पट्टी सूर्यापुढे धरली. भोकांतून उजेड आला. बारीक, एकसारखा, टोकापासून टोकापर्यंत. भोकांची एकच ओळ. तिने डोळे मिटले, उघडले, पट्टी उलटी करून धरली. एकच ओळ. शेजारी बोटभर अंतरावर, जिथे दुसरी ओळ असायला हवी होती, तिथे कापड कोरं होतं.

बाबांचा टाका समोरच्या काचेपासून सुरू होई आणि मागे संपे. दादाचाही तसाच, सगळ्याच उजव्या हाताच्या माणसांचा तसाच. कापडाचं ओझं मग मशीनच्या डाव्या अंगाला मोकळं पडतं. तिला ते जमायचंच नाही. ती मागून सुरू करी आणि काचेपाशी येऊन संपवी. "आमची ही कन्या घरात मागच्या दाराने शिरते," बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, पण सांगताना तोंड भरून हसत. तिच्या हाताला चालेल अशी कात्री बाजारात मिळेना, तेव्हा ते एका लोहाराच्या मागे हात धुऊन लागले होते. लोहार म्हणे, असली उलटी कात्री घडवायची म्हणजे माझंच डोकं उलटं टांगायला पाहिजे. शेवटी घडवली त्याने. ती आली त्या दिवशी बाबांनी ती आधी स्वतः डाव्या हातात धरून बघितली, वाकडंतिकडं कापलं, आणि म्हणाले, "हे तुझं तूच जाणे बाई." तेव्हा ती परकर-पोलक्यातून नुकतीच बाहेर आलेली. पुढे कॉलेज एकीकडे आणि टेबल एकीकडे. आणि मग तो पहिला टप, तिच्या एकटीचा. दुकानाचा नियमच होता: ज्याची कात्री त्याची शिवण. जो कापेल त्यानेच शिवायचं, कारण दुमडीला कुठे किती कापड सोडलंय ते कापणाऱ्याच्या हातालाच माहीत. दुसरा बसला की ओढाताण, आणि ओढाताण झाली की पाणी आत. तिने कापला आणि तिनेच शिवला. गाडी तेव्हा हिरवी होती. कमानींवर टप ताणून बसवला, बाबांनी वरून टिचकी मारली, आणि तबल्यासारखा आवाज आला.  बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर उभे राहिले. त्या हाताचं वजन तिने इतकी वर्षं जपलं होतं, कपाटात अगदी आत ठेवलेल्या एखाद्या चांगल्या साडीसारखं, की जे नंतर झालं त्याची भरपाई ती त्यातून करी: नाही जमलं मला, पण एकदा हात ठेवला होता डोक्यावर.

नंतर ती मावशीकडे गेली थोडे दिवस. परत आली तर घरात दादा होता. दुसऱ्या शहरातला धंदा बुडवून आलेला, दाढी वाढलेली, ताटात काय वाढलंय तेही न बघता जेवणारा दादा. घरात सगळे चवड्यांवर चालल्यासारखे चालत होते. आणि त्याच संध्याकाळी बाबांनी चप्पल काढता काढता, तिच्याकडे न बघता सांगितलं, "ती हिरवी गाडी आली होती परत. गळली." तिने विचारलं, "कुठून?" "समोरून. तुझी गाठ पडते समोर. वारा समोरून, पाऊस समोरून, गाठ काय टिकणार. सुटली." "मी करते ना पुन्हा." "केला मी. बोटभर सरकवून सगळी शिवण नवी घातली." आणि मग, फार मऊ आवाजात, त्या मऊपणानेच तर ती फसली होती: "होतं असं. तुझा हातच उलटा, त्याला तू तरी काय करणार." त्या रात्री तिच्या आईने तिच्या केसांना तेल लावून दिलं. एरवी नुसता जीव खाऊन चोळणारी आई त्या दिवशी हळूहळू, डोकं दुखतंय अशा माणसाला लावावं तसं लावत होती, आणि सारखी म्हणत होती, "मनाला नको लावून घेऊ गं." आता तिला त्या बोटांचा हळुवारपणा पुन्हा टाळूवर जाणवला आणि तिथे काटा आला.

मशीनवर दादा बसला. महिन्याभरात त्याने दाढी केली. ती शेजारी बसून त्याला दोरा ओवून देई, कुठे चुकतंय ते हळूच दाखवी, आणि दादा आजतागायत कुणालाही सांगतो, माझी गुरू ही, हिचा हात उलटा नसता तर मी कुठला इथे! चांगल्या मनाने सांगतो. त्या चांगल्या मनाचंच तिला आता ओझं झालं. पुढे लग्न, घरचं मशीन, कुशनं, सीटकव्हरं. पाण्याशी संबंध येईल असं काही तिने पुन्हा शिवलं नाही. छत्रीच्या काडीपाशी उसवलेलं कापडसुद्धा ती बाहेर शिवायला देई. आणि घरी पावसाची झड आली की अंथरुणातून उठून खिडक्यांच्या कडा हाताने चाचपी, नवरा हसायचा, "अगं, ही खिडकी तू नाही शिवलेली." तीही हसायची. आणि चिमणी. चमचा, ब्रश, खडू, जे मिळेल ते डाव्या हाताने उचलणारी चिमणी. तिला कधी ती ओरडली नाही, मारायचं तर सोडाच. नुसता तो खडू अलगद काढून दुसऱ्या मुठीत ठेवायची आणि त्या मुठीचा पापा घ्यायची. "हा शहाणा हात." डाव्या हाताचा पापा घेतल्याचं तिला आठवेना.

"अहो ताई, माझा चष्मा राहिला वाटतं गाडीत."

दारात गाडीची मालकीण उभी होती. दातांची डॉक्टर, निवृत्त झालेली, पण समोरच्याशी बोलताना अजून त्याच्या डोळ्यांऐवजी तोंडाकडे बघायची. तिने चिमणीला विचारून, रीतसर परवानगी घेऊन पुढचा कप्पा उघडला, चष्मा काढला, आणि टेबलावर पसरलेल्या टपाकडे बघून हळहळली.

"बिचारा. अगदी कवळी काढून ठेवल्यासारखा दिसतोय."

"गाडी पहिल्यापासून लालच का हो?" तिने विचारलं.

"छे, हिरवी होती. आमच्या ह्यांना हिरवी हवी होती. ते गेले तेव्हा मी लाल करून घेतली. आयुष्यभर हिरव्यात बसले, आता म्हटलं आपल्या मनासारखं."

"आणि टप?"

"टप इथेच केलेला. तुमच्याच वडिलांकडे. त्यानंतर आज उघडतोय." डॉक्टरीणबाईंनी टपावर हात फिरवला, जाणत्या गाईच्या पाठीवर फिरवावा तसा. "आमच्याकडे सगळं गळतं हो. नळ गळतो, गच्ची गळते, हे बोलायला लागले की तेही थांबायचे नाहीत. ही गाडी मात्र कधी नाही. एक थेंब म्हणून नाही. वादळात रस्त्यात अडकलो होतो आम्ही, बाहेर झाडं पडतायत आणि आत आम्ही कोरडे, भांडत बसलोय."

"एकदा परत आणली होती ना तुम्ही? नवीनच होता तेव्हा. समोरून पाणी आलं म्हणून?"

"परत? कशाला?" बाईंनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. "अहो, बरं वाटत नाही का तुम्हाला? दात दुखतोय?"

"नाही," ती म्हणाली. "नाही दुखत."

बाई गेल्या. गाडीत चिमणी इंजिनाचा आवाज तोंडाने काढत होती. कुणीतरी फसवलं की माणूस त्यालाच आठवत बसतो, तिला वाटलं. पण मला तर माझंच काहीतरी आठवत सुटलंय. प्रत्येक ठिकाणी मी थांबले, मागे सरले, "तुम्हीच करा, मला नाही जमायचं" म्हणाले, ते सगळं एका ओळीत, एकामागे एक, भोकांसारखं. म्हण असते ना, आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावायचं. आणि हे आभाळ तर फाटलंही नव्हतं. धड होतं, कोरडं होतं, त्याच्याखाली दोन माणसं वादळात भांडत बसली होती, आणि तिला मात्र घरी सांगितलं होतं की ते फाटलं.

बाबा चहा घेऊन आले. कप ठेवताना टेबलाची कड हाताने शोधली. डोळ्यांत पडदा उतरायला लागला होता त्यांच्या, ऑपरेशनला तयार होत नव्हते.

"उसवलास का गं सगळा?"

"एका ठिकाणी अडलंय. बाबा, ही गाठ कुणाची?"

"मला मेल्याला काय दिसतंय."

"हात लावा मग."

तिने त्यांचा अंगठा धरून गाठीवर ठेवला. तो अंगठा तिथे राहिला. दोन वेढे सरळ, तिसरा उलटा. अंगठ्याने ते वाचलेलं तिला दिसलं. रस्त्यावर कुठेतरी कुणी फटफटी सुरू करत होतं, होत नव्हती.

"तुझी," बाबा म्हणाले.

"गळली होती ना?"

बाबांनी अंगठा काढून घेतला.

"बाबा, गळली होती का?"

"नव्हती गळली."

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की आत काहीतरी फुटेल. काही फुटलं नाही. चहावर साय धरत होती ती तिने बघितली.

"दादा कसा आला होता, बघितलंस ना तू," बाबा म्हणाले, जसं काही ती गोष्ट कालचीच. "पोरगं पंख्याकडे बघत पडून राहायचं. मला झोप लागायची नाही. मशीन एक. एका मशीनवर दोघं बसत नाहीत."

"मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर उठली असतीस?"

"उठले असते." आणि हे खरं होतं, यातलं सगळ्यात वाईट हेच होतं. ती हसत उठली असती, वर दादाला गादी झटकून दिली असती. "मागितलं असतंत तर मशीन दिलं असतं मी. तुम्ही हात काढून घेतलात माझा."

"तू कुठेही उभी राहणारी. तो नसता राहिला."

"म्हणजे ज्याला पोहता येतं त्यालाच बुडवायचं."

बाबा कपाळावर चष्मा चाचपायला लागले. चष्मा नाकावरच होता.

"आईला माहीत होतं?"

चष्मा चाचपणं थांबलं नाही. म्हणजे होतं. तेल, टाळू, ती हळू बोटं. आईला आता विचारायचीही सोय नव्हती. आई भिंतीवरच्या फोटोतून दुकानाच्या दाराकडे बघत होती, नेहमीसारखी, कुणी गिऱ्हाईक येतंय का ते.

"गाडी ओळखली होतीत तुम्ही? लाल केली तरी?"

"रंग बदलला म्हणून दार लागल्याचा आवाज बदलतो का." बाबांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "दादाने आत घेतली तेव्हाच कळलं मला."

"मग मला का बोलावलंत? त्याचं प्लास्टर निघेपर्यंत थांबली असती की गाडी."

"माझ्या तोंडून निघत नव्हतं." इतकी वर्षं तिने त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता, लहान मुलाने कबूल केल्यासारखा, पण अर्धंच. "म्हटलं, तुला दिसेल आपोआप."

"म्हणजे तेही काम तुम्ही माझ्याच हातून उसवून घेतलंत."

बाबांनी चहाचा कप चाचपत तिच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "दादाला नको सांगूस एवढं. तो मोडेल." आणि हे म्हणताना त्यांच्या आवाजात पुन्हा तो मऊपणा आला, तोच, त्या संध्याकाळचा. तिने तो ओळखला. या मऊपणाला धार असते हे तिला आता कळत होतं.

ती गाडीकडे गेली. लेकीला कुशीत घ्यावं, घरी जावं, दार लावून घ्यावं. चिमणीने पुठ्ठ्यावर घर काढलं होतं, धड नसलेलं, डुगडुगतं, सगळ्या रेघा भ्यालेल्या. खडू उजव्या मुठीत आवळून धरला होता. तिने हळूच तो खडू काढला आणि डाव्या हातात ठेवला. चिमणीने एकदा खडूकडे पाहिलं, एकदा आईकडे. हा काहीतरी सापळा आहे अशी शंका त्या एवढ्याशा चेहऱ्यावर उमटली. मग तिने आपणहून तो खडू पुन्हा उजवीकडे नेला आणि शाबासकीसाठी मूठ पुढे केली.

"हा शहाणा हात ना, आई?"

भोक एकदा पडलं की राहतं.

तिने त्या मुठीचा पापा घेतला, कारण ती मूठ पुढे आली होती आणि तिचा काही दोष नव्हता. मग दुसऱ्या हाताचा घेतला. तो हात खडूने माखलेला होता. "हा पण," ती म्हणाली, पण ते पुरेसं वाटेना. चिमणीलाही वाटलं नसावं. ती हात पुसून पुन्हा आपल्या भ्यालेल्या घराकडे वळली. नुसतं सांगून भागणार नव्हतं. तिलाही कुणी नुसतंच सांगितलं होतं, आणि ते आयुष्यभर पुरलं होतं; आता त्याच्या उलटं लेकीला पुरवायचं तर ते डोळ्यांना दिसायला हवं.

नव्या कापडाचा तागा कोपऱ्यात उभा होता. तिने तो एकटीने आडवा केला, टेबलावर उलगडला. जुना टप त्यावर पसरला, कडा जुळवल्या, खडूने भोवती रेघ ओढली. दुमडीचं कापड आपल्या अंगाला सोडलं, जसं आपल्या हाताला हवं तसं. मशीनमागच्या खिळ्यावर ती कात्री होती. असणारच, दुसऱ्या कुणाला ती चालत नाही. तिला वाटलं, गंजली असेल, उघडणारही नाही. तिने बोटं घातली, आणि पाती लोण्यातून जावीत तशी फाकली. तेलाचा वास आला. ताजा. कुणीतरी ही कात्री इतकी वर्षं पुसत होतं. डोळ्यांवर पडदा आल्यावरसुद्धा, चाचपत. गंज चढला असता तर बरं झालं असतं, तिच्या मनात आलं. गंजलेल्या कात्रीवर नीट रागावता येतं.

"काय करतेस?" बाबा म्हणाले. "नुसता उसवायचा होता. ज्याची कात्री–" आणि थांबले. नियम त्यांचाच होता.

"माहीत आहे. शिवणारही मीच. दादाला हेही मीच सांगेन, आणि बाकीचंही. त्याला असं सांगेन की तो मोडणार नाही. तुम्ही समजता तेवढा कच्चा नाहीये तो, आणि खोटं ऐकायचं वयही नाही त्याचं."

बाबा भिंतीच्या आधाराने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आले. इतकं मोठं कापड कापताना समोरून कुणीतरी ताण देऊन धरावं लागतं. ती पहिल्यांदा कापत होती तेव्हा ते तिथेच उभे होते. त्यांनी सवयीने दोन्ही हात पुढे केले.

"धरू?"

तिने त्या हातांकडे पाहिलं. त्यातला एक तिच्या डोक्यावर होता एकदा. तो खोटा नव्हता. तेच तर तिला कुठे ठेवावं कळत नव्हतं.

"नको," ती म्हणाली. कोपऱ्यातल्या जुन्या इस्त्र्या एकेक करून आणल्या आणि कापडाच्या पलीकडच्या कडेवर, त्यांच्या हातांच्या आत, ओळीने ठेवल्या. "हे धरतंय."

चिमणी गाडीच्या दारावर हनुवटी टेकवून बघत होती, तोंडाने काढलेलं इंजिन बंद करून. टेबलापाशी तिने डावा हात उचलला, मुद्दाम जरा उंच, लेकीला दिसेल असा, आणि पात्यांमध्ये कापडाची कड घेतली.